डबल काचेच्या आतलं धुकं : काचेला भोक पाडण्याआधी चौकटीची भोकं बघा

तुमची अडचण मला समजली ती अशी. बेळगावात टिळकवाडीत रेल्वे गेटाजवळ घर आहे. गाडीचा आवाज कमी यावा म्हणून सात वर्षांपूर्वी डबल काचेच्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या) खिडक्या बसवल्या. आता पश्चिमेकडच्या दोन खिडक्यांत दोन काचांच्या मध्येच धुकं धरतंय. सकाळी ते दाट असतं, दुपारनंतर विरळ होतं. खिडकीवाला म्हणतो अख्खी खिडकी बदला. मोबाइलवर मात्र कुणी काचेला बारीक भोक पाडून आत गरम हवा मारताना दिसतोय, आणि ते घरी करून बघावं का असं तुम्ही विचारलंय.

अख्खी खिडकी बदलायची गरज बहुतेक नाही. भोक पाडून वाळवलं तर धुकं जाईल, पण आपल्याकडच्या पावसात ते टिकणार नाही. आणि या दोन्हींच्या आधीचं एक काम तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. काचेच्या खालच्या काठाशी पाणी का साचतंय ते शोधा. ते न शोधता नवी काच घातली तरी काही पावसाळ्यांनी तुम्ही परत हाच प्रश्न विचारणार.

आधी धुकं नक्की कुठं आहे ते पक्कं करा. बोटानं आतून पुसा, मग बाहेरून पुसा. आतून पुसलं जात असेल तर ती खोलीतली वाफ आहे. जुलैत एसी चालू असताना बाहेरच्या अंगाला धुकं धरणं तर साधी गोष्ट आहे, त्यात काच बिघडलेली नसते. दोन्हीकडून पुसलं जात नसेल तरच दोन काचांच्या कडेचं सील गेलं असं धरा. शंका उरलीच तर सकाळी, ऊन पडायच्या आधी, चपट्या स्टीलच्या डब्यात बर्फ आणि मूठभर मीठ घालून झाकण लावा आणि तो डबा आतल्या काचेला दहा मिनिटं टेकवून धरा. मग काच पुसून लगेच बघा. दोन काचांच्या मध्ये डब्याएवढा धुरकट डाग उमटला तर आत ओल आहे. चांगल्या युनिटमध्ये, म्हणजे दोन काचांच्या बंद जोडीत, असा डाग उमटत नाही, कारण त्यातली हवा उणे ४० अंशांपर्यंत थंड केली तरी दव धरू नये इतकी कोरडी असते. अजून स्वच्छ दिसणाऱ्या बाकीच्या खिडक्यांनाही ही परीक्षा लावा. पुढच्या वर्षी कुठली जाणार ते आत्ताच कळेल.

आत काय बिघडलंय ते समजलं की पुढचं सगळं सोपं होतं. दोन काचांच्या मध्ये कडेनं ॲल्युमिनियमची पोकळ पट्टी असते, ती स्पेसर. तिच्या पोकळीत बारीक मणी भरलेले असतात, त्यांना मॉलिक्युलर सिव्ह म्हणतात. पट्टीच्या आतल्या अंगाला सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात, त्यातून मणी मधल्या हवेची ओल शोषून घेतात. पट्टी आणि काच यांच्यात ब्युटाइलचा पातळ काळा थर असतो. वाफ अडवण्याचं खरं काम त्याचं. त्याच्या बाहेर पॉलिसल्फाइड किंवा सिलिकॉन असतं, ते काचा एकमेकींना धरून ठेवतं. नवं असतानाही अगदी थोडी वाफ आत झिरपतेच आणि मणी ती पीत राहतात. मण्यांचं पोट भरलं की धुकं दिसायला लागतं.

आता हिशोब बघा. ६०० बाय ९०० मिलिमीटरची खिडकी आणि मध्ये १२ मिलिमीटर जागा, म्हणजे आत साडेसहा लिटर हवा. जुलैतल्या दमट हवेत घनमीटरला २० ग्रॅमच्या आसपास पाणी असतं, म्हणजे या साडेसहा लिटरमध्ये फार तर ०.१३ ग्रॅम. तुम्हाला दिसतं ते धुकं एवढ्याचंच. पण चारही बाजूंची पट्टी भरलेली असेल तर मणी १२० ग्रॅमच्या आसपास असतात आणि ते आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शाएवढं पाणी धरतात. म्हणजे २४ ग्रॅम, पाच चहाचे चमचे. हेअर ड्रायरनं तुम्ही ०.१३ ग्रॅम बाहेर काढता, पाच चमचे तसेच राहतात. दुपारच्या उन्हानं पट्टी तापली की मणी पाणी सोडतात आणि रात्री काच गार झाली की धुकं परत हजर. मणी पुरते सुकवायला दोनशे अंशांच्या वर तापवावं लागतं, काचेत बसलेले असताना ते कसं करणार?

पश्चिमेच्याच खिडक्या का गेल्या याचं कारण आपल्या भागात आहे. बेळगावचा पाऊस नैऋत्येकडून, वाऱ्याबरोबर आडवा येतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तर चार महिने पश्चिमेची भिंत वाळतच नाही. त्याच बाजूला एप्रिल-मेमध्ये दुपारनंतरचं ऊन. तीस अंशांनी तापलं की आतल्या हवेचा दाब दहा टक्क्यांनी वाढू पाहतो, काचा फुगतात, संध्याकाळी परत आत बसतात. असं रोज हललं की ब्युटाइल सैल होतं आणि पावसात त्याच सैल काठाशी पाणी उभं राहतं. अथणी, रायबागकडं पाऊस कमी, तिथं याच बनावटीच्या खिडक्या जास्त टिकतात.

आणखी एक कारण फारसं कुणी विचारात घेत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आहे. गोवा, मुंबई किंवा चेन्नईत सील केलेलं युनिट घाट चढून इथं आलं की बाहेरच्या हवेचा दाब ८ ते ९ टक्क्यांनी कमी होतो आणि काच जन्मभर थोडी फुगलेली राहते. समोरच्या घराचं प्रतिबिंब मध्यभागी वाकडं दिसत असेल तर हे कारण धरा. मोठी काच वाकून हा दाब सोसते. लहान, अरुंद काच वाकत नाही, तो सगळा ताण सीलवर येतो. म्हणून न्हाणीघराच्या छोट्या खिडक्या पुष्कळदा आधी जातात. नवं युनिट मागवताना ते कुठं सील होणार हे जरूर विचारा. पुण्याची उंची ५६० मीटर, तिथून आलं तर फरक किरकोळ. किनाऱ्यावरून येणार असेल तर दाब सारखा करायची बारीक नळी ठेवायला सांगा आणि इथं आल्यावर ती कशी बंद करायची तेही त्यांच्याकडूनच समजून घ्या.

आता चौकटीची भोकं. यूपीव्हीसी चौकटीत पाणी शिरणारच नाही अशी कुणाची अपेक्षा नसते. शिरलेलं पाणी खालच्या पट्टीतून बाहेर जावं म्हणून तिथं साधारण ५ मिलिमीटर उंचीच्या आडव्या फटी ठेवलेल्या असतात, त्यावर बाहेरून कधी टोपी असते. आपल्याकडं त्या चार प्रकारे बुजतात. तांबड्या मातीची धूळ वळवाच्या पहिल्या सरीनं चिखल होऊन बसते. कुंभारमाशी त्यात मातीचं घर करते. रंगारी पुटी किंवा रंग भरतो. बाहेरची कडप्पा किंवा ग्रॅनाइटची पट्टी फटीच्या वर येईल अशी बसवलेली असते. पाचवा प्रकार सगळ्यात वाईट आणि तो माणूसच करतो: पाणी आत येतंय म्हणून कुणीतरी त्या फटींवर बाहेरून सिलिकॉन ओढतो. मग काच महिनोन्‌महिने पाण्यात उभी राहते. पाण्यात बुडून राहणं कुठल्याच सीलला सोसत नाही, पॉलिसल्फाइड असो की सिलिकॉन.

सिलिकॉन असेल तर कापून काढा, माती सायकलच्या स्पोकनं काढा. मग पेलाभर पाणी, १००-१५० मिलिलिटर, खालच्या रुळात ओता. अर्ध्या मिनिटात ते बाहेर पडलं पाहिजे. दगडी पट्टी आड येत असेल तर तिला ग्राइंडरनं खाच मारून घ्या, दुसरा उपाय नाही.

हे झाल्यावर काचेकडं वळा. काचेला भोक पाडायचा विचार असेल तर आधी कोपऱ्यात शिक्का आहे का बघा. ‘आयएस २५५३’ किंवा ‘टफन’ (तापवून कडक केलेली काच) असं काही कोरलेलं असेल तर ड्रिल लावूच नका, अख्खी काच तुकडे होऊन खाली येईल. शिक्का नसला तरी सकाळच्या उजेडात पोलराइज्ड गॉगल लावून तिरकं बघा, ठिपके किंवा पट्टे दिसले तर ती टफन काच आहे. दुसरी तपासणी कोटिंगची. रात्री काचेसमोर लायटर धरा, ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतील. त्यातलं एक वेगळ्या रंगाचं असेल तर काचेच्या आतल्या अंगाला कोटिंग आहे. ओलीनं ते कोटिंग खराब होतं, आणि ते घासून धुता येत नाही. अशा युनिटवर वेळ घालवू नका. पांढरे ढग दुपारीही जात नसतील तर पाण्यानं काचच खाल्ली आहे, तीही सुटणार नाही.

साधी, बिनकोटिंगची काच असली तरी मी भोकाच्या बाजूचा नाही. भोक उघडं ठेवलं तर युनिट बाहेरच्या हवेशी श्वास घेणार, आणि आपली जुलैतली हवा म्हणजे ओला फडका. भोक बंद केलं तर मण्यांतलं पाणी आतच राहतं. वेळ मारून न्यायचीच असेल, म्हणजे घर विकायचं आहे किंवा दोनेक वर्षांत खिडकी बदलायचीच आहे, तर युनिट काढून काठाकडून सीलमधून पट्टीपर्यंत ४ मिलिमीटरची दोन भोकं घ्या, वर एक आणि खाली एक. मग मत्स्यटाकीच्या पंपानं सिलिका जेलच्या बाटलीतून तीच हवा तीन-चार दिवस फिरवा. जेलचा निळा रंग गुलाबी झाला की ती बदला. शेवटी ब्युटाइल भरून वरून सिलिकॉन लावा. सिलिका जेल मण्यांतलं वरवरचं पाणी ओढते, आतलं नाही. म्हणून हे एखाद-दुसरा पावसाळा निघेल एवढंच धरा.

तुमच्यासाठी मला योग्य वाटतो तो मार्ग म्हणजे चौकट तीच ठेवून फक्त काचेचं युनिट नवं घालणं. त्याआधी खिडकीचं बिल काढा. धुक्याची पाच किंवा दहा वर्षांची हमी पुष्कळ कारखाने देतात, आणि बनवल्याची तारीख बऱ्याचदा पट्टीवरच छापलेली असते. तुमच्या खिडक्यांचं सातवं वर्ष आहे, विचारायला हरकत नाही. हमी चालू असेल तर हात न लावता आधी फोटो काढून पाठवा.

मापाची चूक इथं सर्वात महाग पडते. काच एकदा टफन झाली की घासून लहान करता येत नाही. बीडिंग, म्हणजे काच चौकटीत धरून ठेवणारी पट्टी, लावलेलं असताना दिसतं ते माप देऊ नका, बीडिंग काढून जुन्या युनिटचंच माप घ्या. रुंदी तीन ठिकाणी, उंची तीन ठिकाणी, आणि त्यातलं लहानात लहान धरा. चौकटीतल्या खाचेच्या आतल्या मापापेक्षा युनिट दोन्ही दिशांना १० मिलिमीटर लहान हवं, म्हणजे प्रत्येक बाजूला ५. जुनं त्याहून मोठं असेल तर तेही बिघाडाचं एक कारण. दुकानात इंच आणि सूत चालतं. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरहून जास्त, म्हणून चिठ्ठी मिलिमीटरमध्येच लिहा आणि त्यावर त्यांची सही घ्या. एकूण जाडी जुनी आहे तीच ठेवा. ५+१२+५ म्हणजे २२, ६+१२+६ म्हणजे २४. तुमचं बीडिंग त्या जाडीसाठी बनलेलं आहे, दोन मिलिमीटर वाढले तर ते बसणार नाही आणि कमी झाले तर काच खडखडेल. रेल्वेच्या आवाजासाठी एक काच ६ आणि दुसरी ५ अशी वेगळ्या जाडीची घेतलीत तर थोडा फायदा होतो, पण बेरीज जमली पाहिजे. आहे तीच २४ ठेवायची तर मध्ये १३ मिलिमीटरची पट्टी मागावी लागेल, ती सगळीकडं मिळत नाही. पश्चिमेला टिंटेड काच घेणार असाल तर टफनच घ्या. छज्जाच्या सावलीनं अर्धी काच गार आणि अर्धी तापलेली राहते, साधी काच त्यात तडकते.

वजनाचा अंदाज आधी करा: चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो. ६०० बाय ९०० ची ५+५ काच साडेतेरा किलो होते, दोघांनी आरामात होईल. १२०० बाय १५०० ची ६+६ मात्र ५४ किलो. ती वरच्या मजल्यावर घरच्या माणसांनी काढू नये, फिटर बोलवा.

काढायची रीत. यूपीव्हीसीला बीडिंग बहुधा आतून असतं. सर्वात लांब बीडिंगच्या मधोमध पुटी मारायची पट्टी घाला आणि रबरी हातोडीनं हलकेच ठोका. मध्य उचकटला की बीडिंग धनुष्यासारखं वाकतं आणि टोकं आपोआप सुटतात. कोपऱ्यापासून सुरुवात केलीत तर टोक तुटेल. चारही तुकड्यांवर मागून क्रमांक घाला. हे काम सकाळी उन्हाच्या आधी केलं तर यूपीव्हीसी जरा कडक असतं, डिसेंबरात फार जोर लावू नका. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीत मात्र बीडिंग नसतं. पल्ला रुळावरून उतरवून कोपऱ्याचे स्क्रू काढावे लागतात, आणि काचेला गुंडाळलेल्या यू-रबरातच पाणी साचलेलं सापडतं. तिथं नवं रबर बसवताना खालच्या बाजूला दोन-तीन ठिकाणी पाणी जायला खाच कापा.

बसवताना युनिट चौकटीवर थेट टेकवू नका. खाली प्लास्टिकचे पॅकर (आधाराचे तुकडे) हवेत, प्रत्येकी १०० मिलिमीटर लांब आणि युनिटच्या पूर्ण जाडीएवढे रुंद, नाहीतर एका काचेचं वजन सीलवर लटकतं. बंद खिडकीत ते दोन्ही टोकांपासून एक-चतुर्थांश अंतरावर ठेवा. उघडणाऱ्या पल्ल्यात खालचा पॅकर बिजागरीच्या कोपऱ्यात आणि वरचा त्याच्या तिरक्या समोर, म्हणजे पल्ला ओघळत नाही. पॅकर पाण्याच्या फटीवर येता कामा नये. प्लायवूडच्या चिपळ्या घालू नका, त्या फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. रबर गॅस्केट मीटरमागे १० मिलिमीटर जास्त कापा आणि दाबून बसवा. ओढून बसवलेलं रबर वर्षभरात आकसतं, मग कोपऱ्यात फट पडते आणि पाऊस तिथूनच आत. बीडिंग लावताना आधी आखूड, मग लांब. साबणाचं पाणी लावलं की सरकतं.

आणि फटींना सिलिकॉन नको, हे परत सांगतो, कारण काम झाल्यावर फिटर सवयीनं नळी काढतोच. कुठं सिलिकॉन लावायचंच असेल तर न्यूट्रल प्रकारचं. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन युनिटच्या सीलला आणि ॲल्युमिनियमला दोन्हीला बाधतं.

जुनंच युनिट घरी उघडून नवं करता येतं का, हेही तुमच्या मनात असणार. साधी काच, लहान माप आणि हाताला सवय असेल तर येतं. कारची पुढची काच काढणारे वापरतात तसली बारीक पोलादी तार सीलमधून करवतीसारखी ओढून काचा सुट्या करायच्या, ब्लेडनं जुनं सगळं खरवडायचं. शेवटचं धुणं बॅटरीच्या पाण्यानं करायचं, कारण बोअरचं पाणी वापरलं तर क्षाराचे डाग कायमचे आत अडकतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कडा पुसायच्या. स्पेसर नवाच घ्यायचा, काठापासून ८ मिलिमीटर आत, दोन्ही अंगांना ब्युटाइलची अखंड दोरी, कोपऱ्यात तुटू न देता. स्पेसरच्या बाहेरची खाच १२ बाय ८ मिलिमीटर, काठ तीन मीटर, म्हणजे सिलिकॉन २८८ मिलिलिटर लागणार. एक नळी जेमतेम पुरते, दोन आणा. हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि आठवडाभर युनिट सपाट पडून राहू द्यायचं. गडबड केली तर बाहेरून सुकलेलं दिसतं, आत ओलंच असतं.

मणी ३-ए प्रकारचे घ्यायचे. ४-ए मणी पाण्याबरोबर हवेतला नायट्रोजनही धरतात, गरमीत सोडतात, आणि काचा त्याबरोबर आत-बाहेर होतात. पाकीट फोडल्यावर वाटीत दोन चमचे मणी घेऊन दोन चमचे पाणी घाला. वाटी लगेच चांगली गरम झाली तर मणी जिवंत आहेत, कोमट राहिली तर दुकानातच ओल खाऊन मेलेले आहेत. फोडल्यापासून पट्टी बंद होईपर्यंत तासाभराच्या वर जाऊ देऊ नका. म्हणूनच हे काम पावसाळ्यात काढू नये, डिसेंबर ते मार्च हा काळ धरा. कारखान्याचं नवं युनिट मात्र कधीही बसवता येतं, फक्त पाऊस थांबलेला असावा आणि खाच कोरडी पुसलेली असावी.

बसवून झाल्यावर महिन्याभरानं बर्फाच्या डब्याची परीक्षा परत करा. डाग उमटला तर ते युनिट मुळातच सदोष आहे, बिल हातात असताना बदलून मागा. आणि दर वर्षी रोहिणीच्या सुमाराला, मिरगाचा पाऊस लागायच्या आधी, स्पोक फिरवून पेलाभर पाणी ओतून बघा. एका खिडकीला पाच मिनिटंही लागत नाहीत.